मानपान, आवृत्ती दोन

कुंदनला मी चोर म्हणत नाही. चोराला निदान कुलूप तरी तोडावं लागतं. ह्याला किल्ली मीच दिली होती, वर पुण्याला जाताना शर्टाला इस्त्रीही करून दिली. म्हणून राग येतो तेव्हा निम्मा त्याचा येतो आणि निम्मा माझाच.

दोन हजार तीन साली नाशिकला पंचवटी कारंजाच्या मागच्या गल्लीत आमचं डीटीपीचं दुकान होतं. आमचं म्हणजे माझं आणि माझ्या भावाचं. कुंदन माझ्याहून दोन वर्षांनी लहान. वडील मी बारावीत असतानाच गेले. आई, गोजराबाई, मखमलाबादच्या आमच्या तुकड्यात झेंडू आणि शेवंती लावायची आणि पहाटे पंचवटीच्या बाजारात बसून विकायची. कुंदन डिप्लोमाला दोनदा नापास झाला, मग घरात ठरलं की दुकान काढायचं. त्याने बाहेरचं बघायचं, मी आत बसून टायपिंग करायचं. बाहेरचं म्हणजे गाडीवर फिरायचं, गोड बोलायचं आणि ऑर्डर आणायची. त्यात तो पटाईत होता, खोटं कशाला बोलू.

आमचं मुख्य काम लग्नपत्रिकांचं. सायखेडा, ओझर, दिंडोरी, सगळीकडून लोक यायचे. हातात वहीचं पान, त्यावर दोन्ही बाजूंनी नावं. आमच्याकडे पत्रिका हातात आली की नवरा-नवरीचं नाव कोणी वाचत नाही. आधी आपलं नाव कुठे आहे ते बघतात, मग आपल्या वर कोणाचं आहे ते. एकदा एका घरात मधल्या जावयाचं नाव धाकट्याच्या खाली गेलं. माणूस हळदीला आला, पत्रिका वाचली आणि बायकोला घेऊन तसाच परत गेला. बाप दुकानात येऊन माझ्यासमोर डोकं धरून बसला. चूक त्याच्या यादीत होती, पण ऐकून मी घेतलं.

त्या दिवशी मी ठरवलं की ह्याचा काहीतरी कायमचा बंदोबस्त करायचा.

आम्ही बोरू नावाचा एडिटर वापरायचो. पुण्याच्या एका छोट्या कंपनीने काढलेला, फुकट मिळायचा. साधाच होता, मराठीत लिहायचं आणि छापायचं. पण त्यात एक गंमत होती. त्याच्या फोल्डरमध्ये ‘प्लगइन’ नावाचं एक रिकामं फोल्डर असायचं. त्यात ठरावीक पद्धतीने लिहिलेली फाईल ठेवली आणि एडिटर बंद करून पुन्हा उघडला, की वर मेनूमध्ये नवं बटण यायचं. म्हणजे एडिटरला जे येत नाही ते आपण त्याला शिकवायचं. कसं शिकवायचं ते मदतीच्या पानांवर इंग्रजीत होतं. मी शब्दकोश शेजारी घेऊन ती पानं वाचली. आर्ट्सची मुलगी मी, पण डोकं काही कोणी गहाण ठेवायला लावलं नव्हतं.

पहिलं प्लगइन लिहिलं पाच ओळींचं. नुसतं ‘श्री’ लिहिलं की पुढे टिंब आणि जागा आपोआप पडायची. बटण दाबलं, झालं, आणि मी खुर्चीवरून उठून दुकानात दोन फेऱ्या मारल्या. एवढा आनंद मला बारावीच्या निकालालाही झाला नव्हता.

मग मोठं काम हातात घेतलं. नावापुढे नातं लिहायचं, थोरला चुलता, मधला जावई, धाकटी आत्या, आणि बटण दाबलं की सगळी नावं आपापल्या जागी. ह्यातले नियम काही मदतीच्या पानांवर नव्हते. ते लंकाबाई आत्याकडे होते. लंकाबाई आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला कॉम्प्युटर म्हणजे टीव्हीच वाटायचा, पण कोणाच्या वर कोण हे तिला झोपेतून उठवून विचारावं. मी दर रविवारी वही घेऊन तिच्याकडे जायची. “दोन जावई एकाखाली एक नाय लिहायचे,” ती म्हणायची, “शेजारी शेजारी लिहायचे. अन् धाकटीचा नवरा वयानं मोठा असला तरी थोरलीचाच आधी. लिही.” मी लिहायची. असे एकशे बारा नियम झाले. प्लगइनचं नाव ठेवलं ‘मानपान’.

एक नियम मात्र आत्याचा नव्हता, माझा होता. सायखेड्याच्या चिमणाबाई मुलीची पत्रिका न्यायला दुकानात आल्या होत्या. नवरा वारलेला, मुलीला त्यांनीच दुसऱ्यांच्या वावरात निंदणी-खुरपणी करून वाढवलेलं. वाचता येत नव्हतं. पत्रिकेवरून बोट फिरवत त्यांनी मला विचारलं, “बाई, माझं नाव कुठंशी हाय?” आणि नव्हतंच. यादी चुलत्याने दिली होती, निमंत्रक म्हणून सगळ्यात वर त्याचंच नाव जाड अक्षरात होतं. विधवेचं नाव शुभकार्यात कशाला, म्हणून गाळलेलं. मी म्हटलं, मावशी, पुढच्या पानावर असेल. त्या हो म्हणाल्या आणि पत्रिका पिशवीत घालून गेल्या. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

म्हणून मानपानमध्ये मी एक पेटी घातली. मुलीचे किंवा मुलाचे वडील नसतील, तर यादी लावायच्या आधी पडद्यावर प्रश्न यायचा: “आई आहे का? निमंत्रक कोण, हे तिला विचारलं का?” हो किंवा नाही दाबल्याशिवाय पुढे जाताच यायचं नाही. पेटी आली की गिऱ्हाईक अडायचं, पुरुषमाणसं इकडेतिकडे बघायची, आणि बऱ्याचदा त्या आईचं नाव वर जायचं. तेवढ्या एका पेटीसाठी मला सबंध प्लगइन प्यारं होतं.

आता माझी चूक सांगते. प्रत्येक प्लगइनच्या डोक्यावर चार ओळी लिहाव्या लागतात. प्लगइनचं नाव, लेखक, पत्ता, ईमेल. मेनूतून ‘माहिती’ दाबलं की त्या दिसतात. ईमेल दुकानात एकच होता, कुंदनने सायबर कॅफेत जाऊन काढलेला, त्याच्याच नावाचा. आणि लेखकाच्या ओळीत मी लिहिलं: कुंदन चिमाजी विधाते. त्याच्या खाली लिहिलं: टंकलेखन, शुभांगी.

का लिहिलं? मला कोणी सांगितलं नव्हतं. दिवसभर मी तेच तर टाईप करत होते, सगळ्यात वर घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव, बाकी सगळे त्याच्या खाली. वडील नाहीत, म्हणजे कुंदन. हात आपसूक तिकडे गेला. वर असंही वाटलं की प्रेसवाले लोक, पोरीचं नाव बघून फाईल उघडणार नाहीत. दुसऱ्यांच्या आयांसाठी पेटी बनवणारी मी, स्वतःच्या वेळी मला एक प्रश्न पडला नाही.

कुंदन म्हणाला होता हं, तेही सांगते. “ताई, माझं नाव कशाला? सगळं तू केलंयस.”

“असू दे. घरचंच आहे.”

“पण मी सगळ्यांना सांगेन, तूच केलंय म्हणून.”

“सांग की,” म्हटलं.

मानपान फ्लॉपीवरून पंचवटीभर पसरलं, तिथून ओझरला, पिंपळगावला, त्र्यंबकला. मी कोणाकडून काही घेतलं नाही. लोक कुंदनला रस्त्यात थांबवून म्हणायचे, काय प्लगइन केलंय राव. तो हसायचा. घरी येऊन मला सांगायचा, ताई, आज तिघं बोलले. तेव्हा त्याने त्या तिघांना काय उत्तर दिलं, हे मी कधी विचारलं नाही.

दोन हजार पाचच्या सुरुवातीला त्या ईमेलवर पुण्याच्या कंपनीचं पत्र आलं. त्यांना मानपान बोरूच्या पुढच्या आवृत्तीत कायमचं घालायचं होतं, आणि ज्याने ते लिहिलं त्याला भेटायचं होतं. पत्राची सुरुवात ‘प्रिय श्री. कुंदन’ अशी. कुंदनने मला ते वाचून दाखवलं. लपवलं नाही. म्हणाला, “ताई, मी जाऊन तुझ्याबद्दल बोलतो. आधी माणसं कशी आहेत ते तरी बघू.” मला खरं वाटलं. मी त्याला नियमांची वही दिली. फाईलचा कोणता भाग काय करतो ते चार पानांवर सोप्या मराठीत लिहून दिलं, म्हणजे तिथे अडायला नको. शर्टाचं तर आधीच सांगितलं.

तो परत आला आणि म्हणाला, बघू म्हणालेत. मी महिनाभर वाट पाहिली. मग एक दिवस म्हणाला, त्यांनी मलाच नोकरीला घेतलंय, दुकानांत जाऊन बोरू दाखवायचं काम आहे, मानपानचं नंतर ठरवतील. मला वाटलं, बरं झालं, पोरगं मार्गाला लागलं. मी गल्लीत पेढे वाटले. स्वतःच्या हाताने वाटले. आठवलं की आजही हात झटकावासा वाटतो.

जून महिन्यात सायखेड्याचे रंगनाथ शेठ दुकानात आले. त्यांचा तिथे छोटा प्रेस होता, मानपान ते पहिल्यापासून वापरायचे. त्यांच्या हातात निमंत्रण होतं. बोरूची दुसरी आवृत्ती, शालिमारजवळच्या हॉलमध्ये कार्यक्रम, सर्व प्रेस आणि डीटीपीवाल्यांनी यावं. “तुमचा कुंदनच दाखवणार हाय म्हणे,” ते म्हणाले. आमच्या दुकानाला निमंत्रण नव्हतं. कुंदनने फोनवरही काही सांगितलं नव्हतं. मी शटर ओढलं आणि शेठच्या गाडीवर मागे बसून गेले.

हॉलमध्ये शंभरेक माणसं होती, बाई मी एकटी. पुढे मोठा पडदा. पुण्याचे साहेब, कंपनीचे मालक, शांत आणि सज्जन माणूस, माईकवर म्हणाले की ह्या आवृत्तीतली सगळ्यात मोठी भर नाशिकच्या एका तरुणाची आहे. कुंदन उभा राहिला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण मला वाटलं पुढचं वाक्य माझं असेल. पुढचं वाक्य चहापानाचं होतं.

कुंदनने मानपान दाखवलं. माझी वाक्यं होती, त्या चार पानांवरची, शब्दाला शब्द. दोन जावई शेजारी शेजारी, थोरलीचा आधी. लोक हसत होते, माना डोलवत होते. मग रंगनाथ शेठ उठले.

“बाप नसलेल्या पोरीची पत्रिका दाखवा. आई हाय, तिनंच वाढवलीय. निमंत्रक कोण येतो?”

कुंदनने यादी टाकली, बटण दाबलं. पेटी आली नाही. सरळ चुलत्याचं नाव वर जाऊन बसलं. आईचं कुठेच नव्हतं.

“जुन्यात विचारायचं ते,” शेठ म्हणाले.

“ते काढून टाकलंय शेठ. काम थांबायचं उगाच. आणि रिवाज असाच आहे ना.”

मी कधी उभी राहिले मला कळलं नाही. “काढलं कशाला?” मी म्हटलं. “त्याच्यासाठीच मी बाकीचं लिहिलं होतं.”

सगळे वळले. साहेबांनी चष्मा सारखा करत विचारलं, “आपण कोण?”

“मी शुभांगी विधाते. मानपान मी लिहिलंय.”

कुंदन माझ्याकडे बघत होता. त्या क्षणी त्याने नुसतं हो म्हटलं असतं, तर मी त्याला सगळं माफ केलं असतं, अगदी पेढ्यांसकट. तो हसला. गिऱ्हाइकाशी हसतो तसा हसला. “सर, ही माझी ताई. खूप कष्ट घेतलेत तिने. सगळं टायपिंग हिचंच आहे. आणि मी तिचं नाव काढलं नाही हं, अजून आहे, बघा.” त्याने ‘माहिती’ दाबलं. पडद्यावर हातभर मोठ्या अक्षरांत माझ्याच ओळी आल्या. लेखक, कुंदन चिमाजी विधाते. टंकलेखन, शुभांगी.

“ह्या ओळीसुद्धा मीच टाईप केल्यात,” मी म्हटलं.

हॉल हसला. टायपिस्ट बाईने टाईप केलं, त्यात काय ते. साहेब मात्र हसले नाहीत, प्रेमाने म्हणाले, “घरच्यांचा हातभार फार मोलाचा असतो. ताईंसाठी एकदा टाळ्या होऊ द्या.” आणि माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. रंगनाथ शेठ माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “पोरी, अगं असं लिहून कशाला दिलंस मग?” मी खाली बसले.

जिन्यात कुंदनने मला गाठलं. “ताई, तिथे गेलो तर ते मलाच लेखक धरून बसले होते. खुर्ची दिली, चहा दिला. एकदा हो म्हणून गेलो, मग मागे येता येईना.”

“दुसऱ्या दिवशी सांगायचंस. मला बोलवायचंस.”

“तू आली असतीस पुण्याला? एकटी राहिली असतीस?”

“तू विचारलंस का मला?”

वरून कोणीतरी त्याला हाक मारली आणि तो गेला.

घरी आले तर आई अंगणात शेवंतीच्या वेण्या करत बसली होती. मी सगळं सांगितलं. रडले, ओरडले, काय वाट्टेल ते बोलले. आईने मान वर केली नाही. तेव्हाच मला शंका आली.

“तुला माहीत होतं?”

“नोकरीवर जायच्या आधी बोलला व्हता, ते लोक त्यालाच लिहिनारा समजत्यात म्हून,” आई म्हणाली. “मला इचारलं, आई, काय करू? मीच म्हनले, जा तू. अगं, तुझं लगीन झालं की तू तुझ्या घरी जायची. त्या नापास पोराला कोन इचारतं?”

“आणि मला कोण विचारतं?”

“तुला समद्या गोष्टी येत्यात,” आई म्हणाली, आणि दोऱ्याला गाठ मारली. ह्याच्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं. भावाने फसवलं ते हॉलमधल्या शंभर माणसांसमोर, पण आईने फसवलं ते रोज माझ्याच ताटात भाकरी वाढून.

आठ दिवसांनी दुपारी कुंदनचा फोन आला. आवाज पडलेला. सायखेडा, ओझर, पिंपळगाव, सगळीकडून कंपनीला तक्रारी गेल्या होत्या. लोकांना ती पेटी परत हवी होती. साहेबांनी त्याला चार दिवसांत घालायला सांगितलं होतं, आणि त्याने पेटी काढताना आजूबाजूचंही काय काय काढलं होतं. आता कशाचा मेळ कशाला लागेना. “ताई, नवीन फाईल दुकानाच्या मेलवर टाकलीय, जुनी तुझ्याकडे आहेच. तेवढी पेटी नवीनमध्ये बसवून मेल कर ना.”

“करते,” मी म्हटलं. “आधी साहेबांना फोन कर. त्यांना सांग, हे कोणी लिहिलं. तू बोललास की पाच मिनिटांत पाठवते.”

तो म्हणाला, “नोकरी जाईल गं.”

“माझी कुठे आहे?”

“आईला फोन दे.”

आई बाजूलाच उभी होती. तिने रिसीव्हर घेतला, हूं हूं करत ऐकलं, आणि टेबलावर ठेवला. मग ती वाकली. मला वाटलं काही पडलं म्हणून वाकली असेल. तिने माझ्या पायाला हात लावले. माझ्या आईने, माझ्या पायाला.

“बाई, दे,” म्हणाली. “तुझ्या पाया पडते.”

मी तिला उठवलं. दुसरं काय करणार होते? आईचे हात पायावर घेऊन उभं राहायची ताकद माझ्यात नव्हती, आणि तिला ते ठाऊक होतं. मी दुकानात गेले, आईही मागोमाग आली. जुनी फाईल उघडली. तास-दीड तासाचं काम होतं. पेटी जिथली तिथे बसवली, वडील नसलेल्या दहा याद्या टाकून बघितल्या. दहाही वेळा पडद्याने विचारलं, आई आहे का. माझी आई मागे स्टुलावर बसून ते बघत होती.

शेवटी डोक्यावरच्या ओळी राहिल्या. लेखक, कुंदन चिमाजी विधाते. ती ओळ तशीच ठेवली. त्याखालची ‘टंकलेखन, शुभांगी’ ही ओळ मी पुसली. त्याच्या टायपिस्ट म्हणून मला कोणी ओळखणार असेल, तर मुळीच ओळखू नये. फाईल मेलला जोडली आणि पाठवून दिली.

“गेलं का?” आईने विचारलं.

“गेलं. आता त्यात माझं काहीच नाही.”

“असं कसं,” आई म्हणाली, “तुझा भाऊ हाय ना त्यात.”